दोन आकड्यांचा पत्ता

मी गणिताचा पंडित नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे गणित कामगारांच्या पगारपत्रकांवर शिकलो. तरीही आलेखाच्या कागदावर बिंदू कसे मांडावेत आणि ते मुलांना कसे शिकवावे, यावर आज बोलणार आहे. ही विद्या येत नव्हती म्हणून मी एकदा चांगलाच फसलो आहे.

रविवारी सायंकाळी आमच्या युनियनच्या कचेरीत वस्तीतली दहा-बारा मुले जमतात. पहिल्या दिवशी मी अक्ष, निर्देशक हे शब्द उच्चारीतच नाही. चाळीतला पत्ता विचारतो. जिन्यापासून उजवीकडे तिसरी खोली, मजला दुसरा. आता आकडे उलटे करा : दुसरी खोली, मजला तिसरा. टपालवाला भलत्याच दारी जाईल! (३, २) आणि (२, ३) हे निराळे बिंदू आहेत, हे मुलांना एवढ्याने पटते. आधी जिना चढून मग आडवे चालले तरी खोली तीच सापडेल म्हणा. पण लिहिताना आडवा आकडा आधी, हा सर्वांनी मानलेला करार आहे. करार पाळायचा असतो, हे आमच्या मुलांना निराळे सांगावे लागत नाही.

तळमजल्यावर जिन्यापाशी उभे राहिलो की तो आरंभबिंदू, (०, ०). तेथून डावीकडच्या खोल्यांना उणे चिन्ह. तळघर असेल तर त्यालाही. बिंदूची जागा आकड्यांनी सांगून भूमितीला बीजगणिताशी जोडण्याची ही युक्ती देकार्त या फ्रेंच पंडिताने १६३७ साली छापून प्रसिद्ध केली. छतावरची माशी पाहून त्याला ती सुचली असे सांगतात. गोष्ट गोड आहे, पुरावा नाही.

चाळीचा दाखला एके ठिकाणी मात्र दगा देतो. खोली म्हणजे चौकट, म्हणून मुले कागदावरही चौकटीच्या मध्यभागी टिंब देतात. बिंदू चौकटीत नसतो. दोन रेघा एकमेकींना छेदतात तेथे असतो. मग मी त्यांना कचेरीच्या फरशीवर उभे करतो. चार फरश्यांचे कोपरे मिळतात त्या सांध्यावर पाय ठेवायचा. दुसरी चूक याहून चिवट. उभे असलेल्या रेघेलाच मुले ‘एक’ म्हणून मोजू लागतात. पाऊल पुढे पडल्यावर ‘एक’ म्हणायचे, रेघा मोजायच्या नाहीत, पावले मोजायची. दोन रविवार यातच जातात, आणि ते जाऊ द्यावेत.

आता माझी फसगत. एका कारखान्यात बोलणी चालली होती. व्यवस्थापनाने आमच्यापुढे एक आलेख ठेवला. तीन वर्षांत पगाराची रेघ तळाजवळून निघून जवळजवळ माथ्याला भिडलेली. आम्ही दबलो आणि थोडक्यावर सही करून आलो. घरी येऊन कागद नीट पाहिला, तेव्हा उभ्या अक्षावर खालचा आकडा शून्य नव्हता; १२,००० होता! पगार १२,२०० वरून १२,८०० झाला होता. म्हणजे वाढ शेकडा पाचसुद्धा नव्हे. एका सेंटिमीटरला शंभर रुपये धरले होते, म्हणून रेघ सहा सेंटिमीटर चढली. शून्यापासून, सेंटिमीटरला हजार रुपये धरून मी तोच आलेख पुन्हा काढला, तर चढ भरला सहा मिलिमीटर. अक्ष शून्यापासून सुरू न करणे ही दरवेळी लबाडीच असते असे नव्हे. तापाचा तक्ता कोणी शून्य अंशापासून काढीत नाही. पण बिंदू पाहण्याआधी अक्षावरचे आकडे वाचावेत, ही सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

परवा मी मुलांना घरातली वर्षाची पगाराची कमाई मांडून आणायला सांगितले. आडव्या अक्षावर महिने, उभ्यावर रुपये. एका मुलीने बारांपैकी दहाच बिंदू मांडले होते आणि तिसऱ्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत सरळ रेघ ओढली होती. मधले दोन महिने कुठे गेले, विचारले. म्हणाली, “तेव्हा बाबांना काम नव्हतं काका. मांडायला काहीच नव्हतं.”

मी तिला सांगितले, माहिती नसेल तर जागा मोकळी सोड. इथे तर तुला माहीत आहे. तिने थोडा विचार केला, जुनी रेघ खोडली, आणि (४, ०) व (५, ०) हे दोन बिंदू आडव्या अक्षावरच, ठळक करून मांडले.