देवडीवरील द्वारपाळ

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाची आख्यायिका सर्वश्रुत आहे. देवळासमोर कीर्तन करण्यास नामदेवांस मज्जाव झाला, तेव्हां ते मागील बाजूस गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें. देव कोठें गेला नव्हता. द्वार तेवढें फिरलें होतें. एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स नांदविणाऱ्या कुटुंबांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

विंडोज पुन्हां बसविल्यावर लिनक्स दिसेनासें होतें. परंतु तें बहुधा नष्ट झालेलें नसतें. 'ग्रब' नांवाच्या द्वारपाळाची जागा दुसऱ्यानें घेतलेली असते. अशा वेळीं घाबरून सारी डिस्क पुसणें म्हणजे मुलांचे प्रबंध व वडिलांचीं टिपणें यांस आपल्याच हातानें अग्नि देणें होय.

प्रथम यूईएफआयच्या यादींत आरंभक्रम पाहावा. पुष्कळदां लिनक्सचें नांव वर घेतल्यानेंच काम भागतें. न भागल्यास लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, आधीं कागदपत्रांची नक्कल अन्यत्र घ्यावी आणि मगच ग्रब पुन्हां बसवावा. जुन्या पद्धतींत त्याचा आरंभ डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत असतो. यूईएफआयमध्यें त्यासाठीं स्वतंत्र विभाग राखलेला असतो.

द्वार फिरलें म्हणून देऊळ पाडूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.