गोठ्यातली माय

४ जानेवारी २०२२ रोजी सिंधुताई सपकाळ गेल्या. गोठ्यात गेलो की आम्हांस त्यांची हटकून आठवण होते. १९४८ साली वर्धा जिल्ह्यात गुराख्याच्या घरी जन्म, शाळा चौथीपर्यंत. भरल्या दिवसांत नवऱ्यानं घराबाहेर काढलं. गोठ्यात बाळंत झाल्या, तेव्हा एक गाय राखणीला उभी राहिली, असं त्या स्वतः सांगत. पुढं चिखलदऱ्याकडं आदिवासींची गुरं कोंडली, तर या भांडायला उभ्या! गावोगाव भाषणं करून, पदर पसरून अनाथ लेकरं वाढवली. वर्ध्याकडं गाईंनाही आसरा केला. भाकड जनावर सांभाळणं काय असतं, हे वाढ्याचा भाव जाणणाऱ्या सभासदांना आम्ही काय सांगावं? म्हातारपणी तोच नवरा दारी आला. त्यालाही लेकरू म्हणून ठेवून घेतलं.