मागच्या पायाची सवय

१९६६ साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला सर्फिंगची जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा डेव्हिड नुहिवाच बाजी मारणार असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. चालत चालत बोर्डच्या पार पुढच्या टोकावर जायचं आणि तिथेच उभं राहायचं, या नोज-रायडिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जिंकला मात्र विशीही न गाठलेला ऑस्ट्रेलियन नॅट यंग. त्याचा बोर्ड ९ फूट ४ इंचांचा होता, पण त्या काळच्या मानाने पातळ, आणि मागे तळाशी जॉर्ज ग्रीनोने घडवलेलं लवचिक पातं, म्हणजे फिन. यंग टोकावर रेंगाळला नाही. लाट जिथे सर्वांत उभी असते तिथे त्याने करकचून वळणं घेतली. पुढच्या दोन-तीन वर्षांत सर्फरनी नऊ-दहा फुटी बोर्ड अडगळीत टाकले आणि सात फुटांच्या आतले शॉर्टबोर्ड हाती घेतले.

गंमत पुढे आहे. १९८६ मध्ये लाँगबोर्डचं व्यावसायिक जगज्जेतेपद मिळवलं ते याच नॅट यंगने, आणि नंतर १९८८ ते १९९० अशी सलग तीन वर्षंही तोच जिंकला. ज्याच्यामुळे लांब बोर्ड मोडीत निघाले, तोच त्यांच्यावर परत आला. शॉर्टबोर्डवर तयार झालेले बरेच सर्फर कधी ना कधी हा उलटा प्रवास करून पाहतात. ‘म्हातारपणाची सोय’, ‘शिकाऊंचं साधन’ अशी लांब बोर्डची थट्टा करत ते त्यावर चढतात आणि पहिल्याच लाटेत पाण्यात पडतात. लांब बोर्ड सोपा नाही. त्यावर भौतिकशास्त्राचे नियम तेच असले, तरी त्यातल्या कुठल्याचं पारडं जड होतं हे बदलतं.

आधी मापं पाहू. आजचा साधारण शॉर्टबोर्ड सहा फुटांच्या आसपास, १९ इंच रुंद, वजन तीन किलोच्या आगेमागे आणि आकारमान २८-३० लिटर. लाँगबोर्ड नऊ फूट किंवा त्याहून लांब, २२-२३ इंच रुंद, सहा-सात किलोचा, ७० लिटरच्या घरातला. पाण्यात तरंगत पुढे सरकणारी कुठलीही वस्तू स्वतःच्याच लाटा उठवते, आणि वेग वाढला की स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढणीत अडकते. ही मर्यादा वस्तूच्या लांबीवर ठरते, हे एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्यात ओढून अभ्यासलं. ढोबळ हिशोबाने सहा फुटांच्या बोर्डची ही मर्यादा ताशी सहा किलोमीटर येते आणि नऊ फुटांच्या बोर्डची साडेसातच्या जवळ. हातांनी जीव तोडून वल्हवणारा माणूस नेमका याच पट्ट्यात असतो. छोट्या बोर्डवर तो भिंतीला डोकं लावून बसलेला असतो, लांब बोर्डवर अजून थोडी मोकळीक उरते.

आता लाटेचा वेग. भर समुद्रात १४ सेकंदांच्या अंतराने येणारी लाट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावते. किनाऱ्याजवळ तळ लागू लागला की ती मंदावते आणि उंचावते. एक मीटर उंचीची लाट साधारण सव्वा मीटर खोलीच्या पाण्यात फुटते. तिथे तिचा वेग ताशी १३ किलोमीटरच्या आसपास असतो, माथ्याशी थोडा जास्तच. हातांनी सात, लाटेचे तेरा. मधली तूट भरून काढायला लाटेचा उतार असतो. दहा अंशांच्या उतारावर ७० किलोचा माणूस आणि बोर्ड मिळून सुमारे १३ किलो वजनाइतका पुढचा रेटा मिळतो. बोर्ड छोटा असो की मोठा, या रेट्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो पाण्याच्या विरोधात. लांब, रुंद बोर्ड एवढ्याशा रेट्यावर पाण्यात रुतून राहण्याऐवजी वर उचलला जातो आणि पृष्ठभागावरून घसरू लागतो. छोट्याला तेच साधायला तीस अंशांसारखी उभी चढण लागते, म्हणून शॉर्टबोर्डवाला लाट अगदी कोसळायच्या बेतात असताना उठतो. लांब बोर्डवर तो त्याच सवयीने थांबून राहिला, तर उशीर होतो आणि बोर्डचं नाक थेट खाली घुसतं.

पाण्यावरून घसरण्याचं हे गणित सर्फिंगमध्ये आणणारा माणूस म्हणजे कॅलटेकमध्ये शिकलेला बॉब सिमन्स. लिंडसे लॉर्ड या नौका-अभियंत्याचं वेगवान होड्यांच्या तळांवरचं पुस्तक १९४६ मध्ये आलं. त्यातले निष्कर्ष सिमन्सने बोर्डवर लावून पाहिले आणि बाल्सा लाकूड, फोम व फायबरग्लास वापरून हलके, रुंद बोर्ड केले. १९५४ मध्ये सर्फिंग करतानाच तो गेला. सर्फिंगचा इतिहास सांगताना चॅम्पियनांची यादी लांबते आणि हा गृहस्थ तळटीपेत जातो, हे मला नेहमी खटकतं.

लाट मिळाली, उभं राहून झालं, की शॉर्टबोर्डवाल्याची खरी पंचाईत सुरू होते. त्याचा मागचा पाय फिनांच्या बरोबर वर असतो. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१ मध्ये रूढ केलेल्या तीन फिनांच्या रचनेत मागचा पाय दाबला की बोर्ड जागच्या जागी फिरतो, आणि लाटेवर वर-खाली करत वजन टाकत-काढत राहिलं की वेगही वाढतो. लांब बोर्डवर तोच पाय मधोमध दाबून काही होत नाही. बोर्ड म्हणजे एकसारखी सरळ फळी असं धरलं, तर तो फिरवायला होणारा विरोध वजन गुणिले लांबीचा वर्ग या हिशोबाने वाढतो. तीन किलो-सहा फूट आणि साडेसहा किलो-नऊ फूट यांची तुलना केली, तर उत्तर जवळपास पाचपट येतं. वर पाण्याखालच्या लांब कडांचा अडथळा वेगळाच. मग वळायचं कसं? दोन-तीन पावलं चालत मागे जायचं, शेपटीवर वजन द्यायचं. नाक वर उचललं जातं, पाण्यात टेकलेली लांबी निम्म्यावर येते आणि नऊ-दहा इंचांच्या एकट्या फिनाभोवती बोर्ड सावकाश, मोठा घेर घेत फिरतो. वळण झालं की पुन्हा पुढे चालायचं, नाही तर पाण्यात घुसलेली शेपूट ब्रेकचं काम करते.

लाँगबोर्डवर म्हणूनच चालावं लागतं. वेग कमी-जास्त करायचा तोही पावलांनीच. पाय फरफटत सरकवण्यापेक्षा एकापुढे एक ओलांडत टाकतात. त्यामुळे वजन बोर्डच्या मधल्या रेषेवरच राहतं आणि हादरे कमी बसतात. शॉर्टबोर्डवर पाय एकदा रोवले की हलवायचे नसतात. ही शिस्त अंगात मुरलेल्या माणसाला हलत्या पाण्यावर पाय उचलायचा म्हणजे जिवावर येतं.

या चालण्याचं टोक म्हणजे दहाही बोटं बोर्डच्या नाकावरून पुढे काढणं, ‘हँग टेन’. १९६५ मध्ये व्हेंचुरा इथे टॉम मोरीने यासाठी रोख बक्षिसांची स्पर्धा घेतली. पंचांच्या हातात गुण देण्याच्या कागदाऐवजी स्टॉपवॉच, नाकावर किती सेकंद राहिलात तेवढंच मोजायचं. मोरी गणित शिकलेला, विमानाच्या कारखान्यात काम केलेला. त्याला असला काटेकोरपणा सुचला यात नवल नाही. पण ७० किलोचा माणूस साडेसहा किलोच्या फळीच्या एका टोकावर उभा राहिला, तर ती पुढून बुडायला हवी. ती बुडत नाही, कारण दोन टोकांना पाणी दोन वेगळी कामं करत असतं. पुढे नाकाखालून पाणी वेगाने मागे जातं आणि त्याला वर रेटतं. काही बोर्डना तिथे मुद्दाम उथळ खोलगट भाग ठेवतात. मागे शेपूट लाटेच्या उभ्या भागात रुतलेली असते. लाटेच्या अंगावरून वर चढणारं पाणी तिच्यावरून वाहतं आणि तिला दाबून धरतं. शिवाय शेपटीचा तळ वर वळलेला आणि कडा गोल असतात. वाहतं पाणी अशा गोलाईला चिकटून वळतं आणि तिला स्वतःकडे ओढतं. नळाच्या धारेला चमचा पाठीकडून अलगद लावा, तो बाहेर ढकलला न जाता धारेत ओढला जातो. हा परिणाम रुमानियन अभियंता आँरी कोआंदा याच्या नावाने ओळखला जातो.

यातून एक अट आपोआप निघते. शेपटीवर पाणी चढण्यासाठी बोर्ड फुटणाऱ्या भागाच्या अगदी लगत हवा. म्हणून जाणता लाँगबोर्डवाला आधी शेपटीवर पाय देऊन वेग कमी करतो, लाट मागून येऊन गाठेपर्यंत थांबतो आणि मग चालू लागतो. वेग मिळवण्यासाठी धडपडायची सवय असलेल्याला तो मुद्दाम घालवायचा, हे पटायलाच वेळ लागतो.

किनाऱ्यावरून समुद्रात आत जातानाची गोष्ट वेगळी. समोरून फेसाळत आलेल्या लाटेखालून शॉर्टबोर्ड दाबून पार करतात. २८ लिटरचा, तीन किलोचा बोर्ड पूर्ण बुडवायला २५ किलोंचा दाब पुरतो. लाँगबोर्डला आर्किमिडीज ६० किलोंच्या वर मागतो, आणि आडवं पडून पोहणाऱ्याकडे तेवढा दाब असत नाही. मग बोर्ड उलटा करायचा, आपण त्याखाली लोंबकळायचं आणि लाट डोक्यावरून जाऊ द्यायची. काही झालं तरी बोर्ड सोडून द्यायचा नाही, कारण सुटलेले नऊ फूट मागच्याच्या डोक्यात बसतात. लांब बोर्डवाल्याला लाट इतरांच्या आधी, लांबूनच मिळते, त्यामुळे लाट फुटायची वाट बघत बसलेल्यांचा त्याच्यावर राग असतो. तो मला रास्त वाटतो. मिळते म्हणून प्रत्येक लाट घेणाऱ्यांची तिथे कमतरता नाही.

कुठला बोर्ड चांगला, याचं उत्तर किनाऱ्याच्या तळात असतं. तळ एकदम चढला तर लाट पोकळ होऊन आदळते, तिथे शॉर्टबोर्डचं राज्य. तळ लांबवर सपाट असला तर ती माथ्यावरून फेस सांडत हळूहळू फुटते. वायकिकीची लाट अशी, म्हणून लांब बोर्डची परंपरा हवाईत रुजली. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये पाकी या हवाईयन सरदाराचे सोळा फुटांच्या आसपासचे लाकडी बोर्ड आहेत. गोव्यात पावसाळ्यात दर्या खवळलेला आणि पाण्यात उतरायला मनाई. दिवाळीनंतर मोरजी, आश्वे, मांद्रेच्या सपाट वाळूवर येणाऱ्या लाटा बहुतेक दिवस गुडघ्या-कमरेएवढ्या आणि मऊ असतात. शॉर्टबोर्ड घेऊन गेलेला तिथे नुसता बसून राहतो. नऊ फुटी बोर्ड कोकण रेल्वेच्या कुठल्या बर्थखाली मावेल हे मात्र भौतिकशास्त्र सांगत नाही, तेव्हा तो तिथेच भाड्याने घ्यावा. घेताना तळाशी मधोमध मोठं फिन आहे ना ते बघावं, आणि पहिल्यांदा वल्हवताना नाक पाण्याच्या दोन बोटंच वर राहील इतकं पुढे सरकून झोपावं. शॉर्टबोर्डच्या सवयीने माणूस हमखास एक हात मागे पडून राहतो.