पाण्याखालची मॅक्रो फोटोग्राफी: छोटा कॅमेरा, त्याहून छोटं जग

इअरफोन लावलेत ना? मग सुरू करूया. आणि लोकलच्या गर्दीत ऐकणं जमत नाही अशांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतेय.

मालवणला किंवा गोव्याला स्कुबा करून आलेल्या मित्रांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. सगळं हिरवट, धुरकट, मधे कुठेतरी एक मासा. दोष कॅमेऱ्याचा नाही, पाण्याचा आहे. पाणी उजेड खातं आणि सगळ्यात आधी लाल रंग खातं. पाच-सहा मीटर खाली गेलात की लाल वस्तू मळकट तपकिरी दिसायला लागते. त्यात आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळाचे कण भरपूर.

म्हणून माझं सगळं सांगणं एका वाक्यात: लेन्स आणि विषय यांच्यामधलं पाणी कमी करा. मॅक्रो म्हणजे नेमकं हेच. गढूळ पाण्यात अख्ख्या खडकाचा फोटो नाही येणार, पण खडकावरच्या नखाएवढ्या गोगलगायीचा झकास येतो.

आता कॅमेरा. फोन पाऊचमध्ये घालून नेला तर पाण्याखाली टचस्क्रीन नीट चालत नाही, शिवाय जवळचा फोकस बोंबलतो. सुरुवातीला कॉम्पॅक्ट कॅमेरा बरा. ऑलिंपसचा टीजी-६ किंवा नंतर ओएम सिस्टीम नावाने आलेला टीजी-७ घ्या. दोन्ही हाऊसिंगशिवाय १५ मीटरपर्यंत चालतात आणि त्यांचा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून अगदी १ सेंटीमीटरवर फोकस करतो. स्नॉर्केलिंगला एवढं पुरे. पण ओपन वॉटर कोर्स केलात तर १८ मीटरपर्यंत जाता येतं, तेव्हा हाऊसिंग हवंच. सेकंडहँड मिळाला तर दारांची रबरं आधी तपासा.

हाऊसिंगच्या कडेला रबराची गोल रिंग असते, ओ-रिंग. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाणी आत येतं. पहिल्यांदा हाऊसिंग रिकामं, आत टिश्यू पेपर ठेवून बुडवा. टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. समुद्रातून आल्यावर सगळं गोड्या पाण्यात भिजवून ठेवा. मीठ वाळलं की बटणं अडकतात.

फोटो काढताना चार गोष्टी:

एक, मायक्रोस्कोप मोडमध्ये थोडं झूम करून पाच-सहा सेंटीमीटरवर थांबा. अगदी चिकटलात तर कॅमेऱ्याचीच सावली पडते.

दोन, उजेड बाजूने द्या. समोरून फ्लॅश मारला की पाण्यातले कण चमकतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. साधा डायव्हिंग टॉर्च तिरका धरला तरी रंग परत येतात.

तीन, फोकस डोळ्यावर. मॅक्रोमध्ये फोकसची जागा काही मिलिमीटरच असते. फोकस लॉक करा, कॅमेरा हळूच पुढे-मागे न्या आणि सात-आठ फोटो काढा. एक तरी लागतोच.

चार, वरून नको. प्राण्याच्या उंचीला या, म्हणजे चेहरा दिसतो.

आता कान देऊन ऐका. स्कुबा करताना कॅमेरा स्थिर राहावा म्हणून श्वास रोखू नका. कधीच नाही! १० मीटरवर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर सरकलात तर फुप्फुसं फाटू शकतात. आणि प्रत्येक विषयानंतर आधी हवेचा गेज बघा, मग स्क्रीन. पहिल्या एक-दोन डाइव्हना तर कॅमेरा बोटीवरच ठेवा. पाण्यात तरंगत स्थिर राहणं जमलं की मग तो हातात.

कारण तोल गेला की हात आधार शोधतो आणि तो आधार बहुधा प्रवाळाचा असतो. गोल, दगडासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभरच वाढतात. तुमचा एक धक्का म्हणजे त्यांची कित्येक वर्षं गेली. प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्री काकडी यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. प्राण्याला ढकलून 'नीट' बसवायचं नाही, डोळ्यांवर सारखा टॉर्च मारायचा नाही. तो वळून पळाला की समजायचं, आपण फार जवळ गेलो.

स्कुबाचा खर्च झेपत नाही? काही हरकत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीचं पाणी लांबवर मागे जातं. मुंबईत जुहूपासून हाजी अलीपर्यंत आणि कोकणात जिथे खडकाळ किनारा आहे तिथे डबकी उघडी पडतात. त्यात समुद्रफुलं, खेकडे, नशीब असेल तर रंगीत गोगलगायीही. भरती-ओहोटीची वेळ फोनवर बघा, पकड असलेली चप्पल घाला, सोबत कुणीतरी न्या आणि पाणी चढायच्या आत बाहेर या. डबक्यात हातभर पाण्यात कॅमेरा बुडवून जो हात बसतो, तोच पुढे १२ मीटरवर कामी येतो.

पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं. तोवर घरी बादलीत पाणी घ्या, तळाशी एक नाणं टाका आणि त्यावरचं वर्षाचं साल स्पष्ट येईपर्यंत सराव करा. भेटूया पुढच्या भागात!