ख्रिस्तपुराणांतील ईशस्तुति व ईश्वराचा आनंद

फादर तोमास स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा आरंभ वाचतांना महाराष्ट्रीय वाचकास परकेपणा वाटत नाहीं. ओवीबद्ध नमन, सर्वसमर्थ पित्याचें स्तवन, त्याच्या दातृत्वाचीं व करुणेचीं विशेषणें, हा सारा थाट आमच्या जुन्या ग्रंथकारांचाच आहे. म्हणून हस्तलिखितांच्या सूचींत या भागापुढें 'मंगलाचरण' एवढा शब्द लिहून मोकळें होण्याचा मोह पडतो. बाह्यरूपापुरता तो शब्द चुकीचा नाहीं. परंतु मंगलाचरण म्हटलें कीं इष्टदेवता स्तुतीनें संतुष्ट व्हावी व तिनें विघ्नें वारावीं, हा हेतु ओघानेंच गृहीत धरला जातो. ख्रिस्ती शास्त्राप्रमाणें तर मनुष्याच्या स्तुतीनें परमेश्वराच्या आनंदांत तिळभरहि भर पडत नाहीं. मग स्तुति कशासाठीं? हें उमजल्यावांचून त्या ओव्यांचा अर्थ लावूं गेल्यास कर्त्याचें हृद्गत हातीं लागणार नाहीं.

स्टीफन्स हे जातीचे इंग्रज. १५७५ सालीं ते रोम येथें येशूसंघांत प्रविष्ट झाले व १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास पोंचले. त्यांचें पुराण १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं त्याचीं पुनर्मुद्रणें झालीं.

येशूसंघाच्या पाठशाळांत तोमास अक्विनास (मृत्यु १२७४) या आचार्याचें शास्त्र प्रमाण मानीत. 'सुम्मा थिओलोगिए' या ग्रंथाच्या द्वितीय भागाच्या उत्तरार्धांत, एक्याण्णवाव्या प्रश्नांत, त्यानें वाणीनें करावयाच्या ईशस्तुतीचाच विचार केला आहे. मनुष्याची स्तुति आपण करतों ती आपल्या मनांतील आदर त्यास कळावा व त्यास अधिक सत्कर्माची प्रेरणा व्हावी म्हणून. परमेश्वर तर अंतःकरणें जाणणारा. त्यास कळवावयाचें असें कांहीं उरतच नाहीं. तेव्हां ती स्तुति स्तवन करणाऱ्याचें व ऐकणाऱ्यांचें मन ईश्वराकडे वळावें म्हणून आहे, असा त्याचा निर्णय. पुढें १८७० सालच्या व्हॅटिकन धर्मसभेनेंहि सांगितलें कीं ईश्वरानें सृष्टि निर्मिली ती स्वतःचा आनंद वाढविण्यासाठीं नव्हे, तर स्वतःची पूर्णता प्रकट करण्यासाठीं.

यावरून हा ईश्वर उदासीन ठरतो कीं काय? बायबल तसें म्हणत नाहीं. सफन्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायांत परमेश्वर आपल्या प्रजेविषयीं हर्षानें गातो असें वर्णन आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत एका पश्चात्तप्त पाप्यामुळें स्वर्गांत आनंद होतो. इकडे पन्नासाव्या स्तोत्रांत मात्र तोच परमेश्वर बजावतो कीं मला भूक लागली तरी तुम्हांस सांगणार नाहीं, सारें जग माझेंच आहे. हा विरोध अक्विनासनें फार मार्मिकपणें सोडविला आहे. आमच्या अलंकारशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर क्रोध व दुःख हे शब्द ईश्वराविषयीं लक्षणेनें योजले जातात, कारण त्यांत न्यूनता गर्भित आहे. प्रेम व आनंद हे मात्र मुख्यार्थानें. अट एवढीच, कीं तो आनंद विकार नव्हे, इच्छेचा स्वभाव होय. भक्तांतील जें चांगलें तें ईश्वरानेंच दिलेलें, व त्यांतच तो रमतो. अर्थात् आनंद हें कारण आणि स्तुति हें कार्य, उलट नव्हे.

येशूसंघाचा संस्थापक इग्नाती लोयोला याच्या 'आध्यात्मिक साधना' (१५४८) या ग्रंथांत मनुष्याची उत्पत्ति ईश्वराची स्तुति, आदर व सेवा करून आत्म्याचें तारण साधण्यासाठीं आहे, हें मूलतत्त्व म्हणून सांगितलें आहे. लाभ कोणाचा, हें तेथेंच स्पष्ट होतें. संघांतील प्रत्येकास या साधनांतून जावें लागे. स्टीफन्सही त्यांतून गेलेले.

संस्कृतज्ञ वाचकास येथें भागवताच्या सप्तम स्कंधांतील, नवव्या अध्यायांतील प्रह्लादाची स्तुति आठवेल. प्रभु स्वतःच्या लाभानेंच पूर्ण आहे, अज्ञ जनांकडून तो स्वतःसाठीं मान घेत नाहीं. मुखावरील शोभा जशी आरशांतल्या प्रतिबिंबास मिळते तसा त्यास दिलेला मान देणाऱ्याकडेच परततो, असा तेथील आशय. साम्य विलक्षण आहे खरें, पण त्यावरून उसनवारीचा तर्क करणें हा उतावळेपणा होईल. स्टीफन्स यांचा सिद्धांत रोमच्या पाठशाळेंतून आलेला आहे. शिवाय एक भेदहि ध्यानांत ठेवावा. आप्तकाम ईश्वर सृष्टि कां करतो, या प्रश्नास ब्रह्मसूत्रें 'लीला' हें उत्तर देतात. ख्रिस्ती आचार्य 'स्वतःचें चांगुलपण इतरांस वांटणें' असें देतात.

आतां पोथ्यांकडे वळूं. मंगळूर येथें १९०७ सालीं साल्डाना यांनीं छापलेली प्रत रोमन लिपीच्या परंपरेंतील आहे; लंडन येथील मार्सडेन-संग्रहांतील पोथी देवनागरी आहे. पहिल्या परंपरेंत जेथें लातिन वा पोर्तुगीज शब्द येतात, तेथें दुसरींत बहुधा संस्कृत शब्द योजलेले आढळतात. धोका आहे तो येथेंच. संस्कृत शब्द आपल्याबरोबर आपला जुना अर्थहि घेऊन येतो. 'प्रसाद' म्हटलें कीं आधीं स्तुति व मग प्रसन्नता असा क्रम आमच्या मनांत उभा राहतो; कर्त्याच्या मतें कृपा आधीं, व स्तुति हें तिचेंच फळ. याचना नमनांत असते, पण ती स्तुतीचा मोबदला म्हणून नव्हे. ज्यांच्या संग्रहीं या ग्रंथाचीं सुटीं पानेंहि असतील, त्यांनीं नमनाच्या ओव्यांत संतोष, प्रसाद, कृपा या अर्थाचे शब्द कोणत्या विभक्तींत व कोणाविषयीं येतात तें लिपिभेदासह उतरून ठेवावें, आणि सूचींत 'मंगलाचरण' याऐवजीं 'पित्याचें स्तवन व याचना' असें लिहावें.