सलाईन ब्रेस्ट इम्प्लांट नकोसे झाल्यास कोणते पर्याय?

नवी दिल्ली : स्तनांचा आकार वाढवण्यासाठी किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी बसवलेल्या सलाईन इम्प्लांटबाबत असमाधान असल्यास ते बदलणे, काढून टाकणे अथवा त्याऐवजी शरीरातील स्वतःच्या ऊतींचा वापर करणे, असे पर्याय उपलब्ध आहेत. मात्र यातील बहुतेक पर्यायांसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत असल्याने तक्रारीचे नेमके कारण आधी निश्चित होणे आवश्यक ठरते.

या इम्प्लांटचे आवरण सिलिकॉनचे असून त्यात निर्जंतुक मिठाचे पाणी भरलेले असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) १९९२ मध्ये सिलिकॉन जेल इम्प्लांटवर निर्बंध घातल्यानंतर तेथे सलाईनचा वापर वाढला. जेल इम्प्लांटना २००६ मध्ये पुन्हा मान्यता मिळाली.

तक्रारी कोणत्या?

त्वचेखाली सुरकुत्या दिसणे किंवा हाताला जाणवणे, ही सलाईन इम्प्लांटबाबतची नेहमीची तक्रार आहे. कृश महिलांमध्ये ती अधिक आढळते. काहींना आकार पसंत पडत नाही, तर काहींमध्ये इम्प्लांटभोवती तयार होणारे तंतुमय आवरण आकसून स्तन कठीण होतो व दुखतो. इम्प्लांट फुटल्यास पाणी शरीरात शोषले जाते. त्यातून सहसा अपाय होत नाही, मात्र स्तन लहान झालेला लगेच लक्षात येतो.

उपलब्ध मार्ग

सुरकुत्यांची तक्रार असल्यास सिलिकॉन जेल इम्प्लांट बसवणे, इम्प्लांट स्नायूखाली सरकवणे किंवा पोट-मांड्यांतील चरबी भोवती भरणे, यांचा विचार होतो. जेल इम्प्लांट स्पर्शाला अधिक नैसर्गिक वाटते. परंतु ते फुटल्यास बाहेरून कळेलच असे नाही. त्यामुळे लक्षणे नसली तरी पाच ते सहा वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करण्याची शिफारस एफडीएने केली आहे.

इम्प्लांट कायमचे काढल्यास ताणलेली त्वचा सैल पडू शकते. त्यासाठी स्तन उचलून घेण्याची शस्त्रक्रिया सोबत करता येते. काही शल्यचिकित्सक आधी सुईने पाणी काढून, इम्प्लांटविना स्तन कसा दिसेल याचा अंदाज रुग्णाला देतात. कर्करोगामुळे स्तन काढलेल्या महिलांमध्ये पोटावरील त्वचा व चरबी वापरूनही पुनर्रचना करता येते. त्रास नसल्यास आणि तपासणीत दोष न आढळल्यास शस्त्रक्रिया टाळणे, हाही वैध निर्णय आहे.

दुर्लक्ष नको

इम्प्लांट आयुष्यभर टिकणारे उपकरण नाही, असे एफडीएने स्पष्ट केले आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा संबंध लसिका पेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी आढळल्याने २०१९ मध्ये एका कंपनीची अशी उत्पादने जगभरातून परत मागवण्यात आली. लक्षणे नसताना केवळ या भीतीने इम्प्लांट काढण्याची शिफारस करण्यात आलेली नाही. तथापि, अनेक वर्षांनंतर अचानक सूज, गाठ किंवा वेदना जाणवल्यास तातडीने तपासणी करून घ्यावी.

भारतात आरोग्य विम्यातून सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया सामान्यतः वगळल्या जातात. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या अत्यावश्यक उपचार यांना अपवाद असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेचे कारण डॉक्टरांकडून लेखी घेणे आणि मूळ इम्प्लांटची कंपनी, प्रकार व क्रमांक नोंदवलेले कार्ड जपून ठेवणे उपयुक्त ठरते. हे कार्ड हरवले असल्यास मूळ रुग्णालयाकडून शस्त्रक्रियेची कागदपत्रे मागवता येतात.