स्वतःच्याच नावापाशी अडखळणारा संगणक

संगणक सुरू होतो, पासवर्ड विनातक्रार स्वीकारला जातो. मात्र त्यानंतर पडद्यावर चिन्हे आणि पट्ट्या उमटण्यास अर्धा-एक मिनिट लागते. एकदा डेस्कटॉप दिसला की पुढील काम सुरळीत चालते. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांबाबत ही तक्रार जुनीच आहे आणि ‘यंत्र थकले’ हे तिचे निदानही ठरलेले आहे. मग रॅम वाढवली जाते, नवी डिस्क बसवली जाते किंवा सगळे पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली जाते. या शेवटच्या उपायात प्रकल्प-अहवाल आणि छायाचित्रेही कायमची हातची जाऊ शकतात. प्रत्यक्षात काही वेळा दोष अवघ्या एका ओळीचा असतो. संगणकाला स्वतःच्याच नावाचा पत्ता ठाऊक नसतो.

प्रत्येक संगणकाला एक नाव असते. त्याला ‘होस्टनेम’ म्हणतात. नेटवर्कवरील देवाणघेवाण मात्र आकडी पत्त्यांवर चालते, म्हणून नावावरून पत्ता शोधण्याची सोय लागते. ग्वाल्हेर शहराचेच पाहावे. जुने ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार अशा तीन वस्त्या मिळून ते झाले आहे. लष्कर हे नाव दौलतराव शिंदे यांच्या १८१० मधील छावणीवरून पडले. तेथे पत्र पाठवायचे तर व्यक्तीचे नाव पुरत नाही, वस्ती आणि घरही कळावे लागते. परंतु लष्करात राहणारा एखादा गृहस्थ स्वतःच्याच दारात उभा राहून आपला पत्ता टपाल कार्यालयाला विचारू लागला आणि उत्तर येईपर्यंत घरात पाऊल टाकेना, तर काय होईल? संथ डेस्कटॉपची गत नेमकी तशीच असते.

इंटरनेटच्या आरंभकाळी सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती यादी सांभाळली जाई आणि इतरांनी तिची प्रत उतरवून घ्यावी, अशी पद्धत होती. संगणकांची संख्या वाढली तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आज प्रचलित असलेली ‘डीएनएस’ ही विकेंद्रित नामव्यवस्था मांडली. जुन्या यादीचे छोटे रूप मात्र प्रत्येक लिनक्स संगणकात ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘होस्ट्स’ या फाइलच्या रूपाने टिकून आहे. नाव समोर आले की संगणक सामान्यतः आधी ही फाइल चाळतो. तेथे उत्तर मिळाले नाही, तरच तो नेटवर्कवरील डीएनएस सर्व्हरकडे वळतो.

डेस्कटॉपला स्वतःचे नाव विचारण्याची गरजच का पडावी, याचे उत्तरही इतिहासात आहे. लिनक्सवर दीर्घकाळ वापरात असलेली ‘एक्स विंडो’ प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. एका संगणकावरील कार्यक्रम दुसऱ्याच्या पडद्यावर दिसावा, हे तिचे उद्दिष्ट होते. त्यामुळे पडदा वापरण्याच्या परवानगीची नोंद संगणकाच्या नावाशी जोडलेली असते. डेस्कटॉपच्या जुन्या आवृत्त्यांतील काही घटकही सुरू होताना स्वतःच्या नावाचा पत्ता तपासत. तो न सापडल्यास ‘नोम’ हा डेस्कटॉप तसा इशाराच पडद्यावर दाखवत असे.

हा दोष एरवी लपून कसा राहतो, हे एका कल्पित उदाहरणावरून समजेल. गोव्यातील एक विद्यार्थी शिक्षणासाठी ग्वाल्हेरला जातो आणि आपल्या लॅपटॉपचे ‘मांडवी’ हे नाव बदलून ‘लष्कर’ ठेवतो. नाव बदलण्याची नेहमीची आज्ञा होस्ट्स फाइलला हात लावत नाही, त्यामुळे तेथे ‘मांडवी’च राहते. सुटीत घरी आल्यावर त्याला काहीच जाणवत नाही, कारण घरचा राउटर ‘असे नाव माहीत नाही’ असे तत्काळ कळवतो. नकार असला तरी तो उत्तरच असतो. वसतिगृहात मात्र लॅपटॉपमध्ये हाताने भरलेल्या बाहेरच्या डीएनएस सर्व्हरची वाट फायरवॉलने बंद केलेली असते. तेथून होकारही येत नाही आणि नकारही. लिनक्स अशा मौनासमोर सामान्यतः ५ सेकंद थांबतो आणि पुन्हा एकदा प्रयत्न करतो. म्हणजे एका प्रश्नामागे सुमारे १० सेकंद जातात. हाच प्रश्न चार घटकांनी एकापाठोपाठ विचारला, तर ४० सेकंद होतात.

निदानासाठी प्रथम निरीक्षण करावे. विलंब दर वेळी जवळपास तेवढाच असेल, डिस्क आणि पंखा शांत असतील, तर संगणक काम करत नसून वाट पाहत आहे, असा संशय घ्यावा. वाय-फाय बंद ठेवून लॉगइन केल्यावर डेस्कटॉप झटकन आला, तर संशय बळावतो. मग टर्मिनलमध्ये ‘होस्टनेम’ ही आज्ञा देऊन नाव पाहावे आणि ‘गेटएंट होस्ट्स’ या आज्ञेपुढे तेच नाव लिहावे. उत्तर क्षणात यायला हवे. ते रेंगाळले किंवा आलेच नाही, तर दोष सापडला. ‘सुडू’ आज्ञा देताना होस्टचे नाव सोडवता येत नसल्याचा संदेश दिसणे, ही आणखी एक खूण.

उपाय करण्याआधी होस्ट्स फाइलची प्रत काढून ठेवावी. त्यातील १२७.०.०.१ आणि ‘लोकलहोस्ट’ ही ओळ तशीच राहू द्यावी, कारण इतर अनेक कार्यक्रम तिच्यावर विसंबून असतात. तिच्याखाली १२७.०.१.१ हा पत्ता आणि त्यापुढे संगणकाचे सध्याचे नाव लिहावे. फाइलमध्ये अंक आणि अक्षरे रोमन लिपीतच टंकावीत. डेबियन आणि तिच्यावर आधारित प्रणालींत ही ओळ स्थापनेच्या वेळीच लिहिली जाते. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. बदल झाल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा. चालू सत्रात नाव बदलले, तर पडद्याची परवानगी जुन्या नावावर राहून नव्या खिडक्या उघडण्यास अडचण येऊ शकते.

अनेक नव्या लिनक्स प्रणाली स्वतःच्या नावाचे उत्तर होस्ट्स फाइलशिवायही देतात, त्यामुळे हा दोष आता कमी आढळतो. जुन्या आवृत्त्यांवर आणि आटोपशीर स्थापनांवर मात्र तो अजूनही गाठतो. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एकाच डिस्कच्या प्रती काढून सर्व संगणक तयार केले जातात आणि नावे नंतर बदलली जातात, तेथे ही ओळ तपासणे विशेष गरजेचे आहे.

‘गेटएंट’चे उत्तर तत्काळ आले, तर मात्र कारण अन्यत्र शोधावे. ‘सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेम’ ही आज्ञा संगणक सुरू होताना कोणत्या सेवेने किती वेळ घेतला, हे सांगते. नादुरुस्त होत चाललेली डिस्कही संथपणाचे कारण असू शकते आणि तेव्हा दुरुस्तीआधी माहितीची प्रत काढणे अत्यावश्यक ठरते. दोन्ही तपासण्यांना पाच मिनिटे लागतात आणि खर्च काहीच येत नाही. नवे सुटे भाग घेण्याचा किंवा सगळे पुसण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.